दुखलं तर डावा हात वर करा

जुन्नर, ४ डिसेंबर १९९८

सौ. इंद्रायणी,
मुक्काम माहेर, मंचर.

फोन केला की तुझा भाऊ उचलतो, माझा आवाज ऐकतो आणि ठेवून देतो. चांगदेवरावांना रोज एवढी मेहनत कशाला, म्हणून हे पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण त्याआधी माणूस ते उघडून बघतो.

तू गेलीस त्याला पंधरवडा झाला. माहेरी जाणाऱ्या बायका मीही पाहिल्यात. त्या पिशव्या भरून, चार जणींना सांगून जातात. जबड्याला रुमाल बांधून शेवटच्या एस.टी.ला लोंबकळत कोणी जात नाही. कंडक्टरनं तुला विचारलं म्हणे, "वैनी, डाक्टरच्याच घरात दात दुकतो व्हय?" हे मला दुसऱ्या दिवशी पेठेत तिघांनी हसत हसत सांगितलं. तिथे एक शब्द बोलली असतीस, तर माझी अब्रू राहिली असती.

आता नेमकं काय झालं ते मी एकदा सरळ लिहून टाकतो. तुझ्या भावजयीला वाचून दाखव.

तुझी खालची दाढ किडली होती. रविवारचा बाजार उरकल्यावर मी तुला खुर्चीत घेतलं. इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला का म्हणून विचारलं, तू मान हलवलीस. ओठ जड झाला म्हणजे त्या बाजूची नस झोपली आणि नस झोपली म्हणजे दाढ झोपली. हे मी पुण्याला पाच वर्षं शिकून आलोय. मग मी मशीन लावलं आणि तू हात वर केलास.

इंद्रायणी, तू या दवाखान्यात नऊ वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलीस. मी प्रत्येक पेशंटला काय सांगतो? दुखलं तर डावा हात वर करा. तसं म्हटलं की माणसाला धीर येतो. आणि हात वर आला की तो अलगद धरून परत मांडीवर ठेवायचा, हे तुझं काम. "झालं हं, झालंच आता," असं म्हणत तू ते इतकं गोड करायचीस की माणसं जाताना माझ्याऐवजी तुझ्या पाया पडायची. हात वर केल्यावर मी थांबत नाही, हे सगळ्या तालुक्यात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरीही तू केलास. म्हणजे तो दुखलं म्हणून केला नव्हतास, मला दाखवायला केला होतास.

तू खुर्चीत, मग हात धरायला कोण? म्हणून मी प्राचीला हाक मारली. ती आत अभ्यास करत होती. म्हटलं, आईचा हात धर बाळा, आईला बरं वाटतं. तिनं दोन्ही हातांनी धरला. नऊ वर्षांची पोर, पण चांगली ताकदवान आहे. आमच्या पिंपरी पेंढारची हाडं आहेत, तुमच्या मंचरची नाहीत. तोंडात मशीन असताना माणसाला ओरडता येत नाही असा माझा समज होता, तो तू त्या दिवशी खोटा ठरवलास. समोरचा भांडीवाला काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

एवढंच झालं. यासाठी कोणी घर सोडतं का?

प्राची इथेच आहे आणि इथेच राहील. तिची शाळा इथे, आजी इथे, बाप इथे. ती रोज संध्याकाळी स्टँडकडे बघत गॅलरीत उभी राहते, ती सवय जाईल हळूहळू. मुलगी हवी असेल तर मुलीच्या घरी ये. दार उघडं आहे.

सुदर्शन


जुन्नर, २१ डिसेंबर १९९८

सौ. इंद्रायणीस,

तुझं शिष्टमंडळ येऊन गेलं. चांगदेवराव मधोमध आणि दोन्ही बाजूंना मंचरचे दोन पागोटेवाले, शोभेला बसवायचे म्हणून आणलेले. मी चहा दिला, खारी दिली. एकाला दात नव्हते, त्याला खारी बुडवून खा म्हटलं. ते प्राचीला न्यायला आले होते. जाताना माझं व्हिजिटिंग कार्ड घेऊन गेले.

चांगदेव मला म्हणतो, "भावजी, तिला लई दुकलं वो. आजून रात्रीची दचकून उठती." मी त्याला विचारलं, इंजेक्शन दिलं होतं का नाही? तो म्हणाला, दिलं होतं. मग विषय संपला. इंजेक्शन दिल्यावर जे दुखतं त्याला दुखणं म्हणत नाहीत, त्याला नाटक म्हणतात. जरा दाबल्यासारखं वाटतं, मशीनचा आवाज होतो, बाईमाणूस घाबरतं. राईचा पर्वत करायला तुमच्या घरात सगळ्यांनाच येतं.

दुसरं इंजेक्शन का दिलं नाही, असंही त्यानं विचारलं. हा प्रश्न त्याचा नाही. त्याला कांद्यापलीकडे काही कळत नाही, म्हणजे तू पढवून पाठवलं होतंस. तर ऐक. एका दाताला एक इंजेक्शन. पहिल्यानं दात झोपला नाही तर एक तर दात खोटा, नाहीतर तोंड खोटं. बाहेर बाकावर बाजारची माणसं बसलेली असतात, घाटघरची गाडी पकडायची असते. प्रत्येकाचा दात झोपेपर्यंत मी अंगाई म्हणत बसू का?

आणि हो, माझी अक्कलदाढ पुण्याला पूर्ण भूल देऊन काढली होती, हे चांगदेवला सांगायची काय गरज होती? तो दोन म्हाताऱ्यांच्या देखत म्हणाला आणि दोघं खारी खाता खाता हसले. ती दाढ आडवी होती. आडव्या दाढेची गोष्ट निराळी असते. ज्या गोष्टी नवरा-बायकोत बोललेल्या असतात, त्या अशा चहात बुडवून खायच्या नसतात.

तुझ्या जागी आईला उभं केलंय. ती काही तुझ्यासारखं करत नाही. हात वर आला की ती तो धरते खरी, पण त्या माणसाचं गाव, पाहुणे, लेकीबाळी विचारत बसते आणि गप्पांच्या नादात सोडून देते. मागच्या रविवारी घाटघरच्या साळुबाईचा हात तसा सुटला आणि माझा चष्मा भिंतीवर गेला. वर बाई म्हणते, "डाक्टर, आजून जागं हाये वो त्ये! वटाला झोपवून काय करू, मला काय वटानं चावायचंय?" बाकावरची सगळी हसली. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी मात्र काम पुरं केल्याशिवाय तिला सोडलं नाही.

प्राचीला एक पोस्टकार्ड पाठवलंस, ते तिला दिलं. तिनं उशीखाली ठेवलंय. पुढचं देईनच असं नाही.

नवं वर्ष लागायच्या आत ये.

सुदर्शन


जुन्नर, १८ जानेवारी १९९९

इंद्रायणी,

तिळगूळ पाठवला नाहीस ते बरं झालं. गोड बोलायची वेळ तू घालवलीस.

मंचरला हळदीकुंकवाच्या दिवशी कुणाच्या तरी अंगणात बसून तू सगळी हकिगत सांगितलीस. हात कसा वर केला, मी कसा थांबलो नाही, पोरीला कसं हात धरायला लावलं. बायका वाण घेऊन घरोघरी गेल्या आणि वाणाबरोबर ही गोष्टही गेली. दोन दिवसांत नारायणगाव ओलांडून ती आमच्या पेठेत आली. काल आईला देवळात एक बाई म्हणाली, "ठकूबाय, तुझ्या लेकानं बायकोलाबी सोडलं नाय म्हणं?" आई घरी येऊन रडली. तुझ्या सासूला रडवायचं तुझ्या नवसात होतं का?

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी इतके दिवस गप्प राहिलो. पण आता दुसरी गोष्ट कळली ती त्याहून वाईट. तू तुझी अर्धवट राहिलेली दाढ पुरी करून घेतलीस. आणि कुणाकडे, तर त्या तेजस्विनीकडे! नारायणगावला जाऊन माझ्या नाकावर टिच्चून.

कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. तिचा आजोबा आमच्या वडलांसमोर पायताण हातात घेऊन उभा राहायचा. आता माझे पेशंट तिच्या दारात चपला काढून बसतात. ती काय करते ते मला लोकांनी सांगितलंय. टोचल्यावर पेशंटला बाहेर बसवून ठेवते. ओठाला विचारत नाही, दाढेला बर्फाचा तुकडा लावून दाढेला विचारते. गार लागलं की परत टोचते. गाडी चुकली तरी चालेल पण थांबा म्हणते. आणि माणसं थांबतात! घाटघरची माणसं पाहुण्यांकडे मुक्काम करतात, पण तिच्याकडेच जातात. साळुबाई उरलेल्या दाढेसाठी तिकडे गेली. मागच्या रविवारी माझ्या बाकावर फक्त दोन माणसं होती, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

आणि तू तिथून उठताना म्हणालीस, "मला कळलंच नाही तुम्ही कधी सुरुवात केली ते." हे तू म्हणालीस का नाही? मला शब्द न शब्द पोचलाय. या एका वाक्यानं तू मला जेवढं मारलंस, तेवढं सगळ्या हळदीकुंकवानं मारलं नाही.

म्हणून आता माझी मागणी नीट वाच. नुसतं परत येणं पुरे नाही. रविवारी बाजाराच्या दिवशी यायचं. दवाखान्यात बाकावर चार बायका बसलेल्या असतील, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की, माझ्या नवऱ्यानं दाढ केली तेव्हा मला दुखलं नाही, मी उगाच बोंब मारली. एवढं एक वाक्य. ते म्हण आणि तुझ्या मुलीला जवळ घे. ते म्हटल्याशिवाय तू तिला पाहणार नाहीस. शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहू नकोस, बाईंना सांगून ठेवलंय.

प्राचीचं विचारशील, म्हणून लिहितो. परवा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी आईला धरून ठेवलं म्हणून आई गेली का?" मी काय सांगणार? मी म्हटलं, ते आईलाच विचार. आता ती जेवताना डावा हात मागे ठेवून बसते. आजीनं दोनदा ओरडून पाहिलं.

सुदर्शन


जुन्नर, ९ फेब्रुवारी १९९९

इंद्रायणी,

तुझं पत्र मिळालं. दोन महिन्यांत पहिल्यांदा लिहिलंस, आणि तेही मुलीच्या दातासाठी. निदान हस्ताक्षर विसरली नाहीस.

प्राचीची दाढ दुखतेय ही बातमी तुला कुणी दिली ते मला ठाऊक आहे. तिच्या वर्गातल्या बाई तुमच्या घोडेगावच्या. असो. दाढ दुधाची आहे, मागची, खालची. आईनं दोन दिवस तिला मिश्री लावून बधिर केली, मलाही सांगितलं नाही. मिश्रीनं दुखणं थांबतं पण कीड थांबत नाही, आतून पू झाला. आता गाल सुजलाय. चेहरा एका बाजूनं तुझ्यासारखा दिसतो, तू गेलीस त्या रात्रीसारखा.

तू लिहितेस, "सूज असली की इंजेक्शन नीट लागू पडत नाही. आधी पाच दिवस गोळ्या द्या, सूज उतरू द्या. नाहीतर तिला तेजस्विनीबाईंकडे न्या. तुमच्या पाया पडते. तिला तुम्ही हात लावू नका."

हे तू मला शिकवतेस? सूज असली की औषध कमी लागू पडतं, हे मला ठाऊक नाही असं वाटलं तुला? पण थोडं कमी म्हणजे काही नाहीच असं नाही. आणि मी माझ्या मुलीला त्या बाईच्या खुर्चीत बसवीन? जुन्नरात मग मी पाटी कशाला लावलीय, सुतारकीची कामं करून मिळतील म्हणून?

"तिला तुम्ही हात लावू नका," हे वाक्य मी तीनदा वाचलं. बापानं मुलीला हात लावू नये! ठीक आहे. आता तूच विषय काढलास तर एकदाचा निकाल लावून टाकू.

येत्या रविवारी, भर बाजारात, दार उघडं ठेवून मी प्राचीची दाढ काढणार. बाकावर बायका असतील. साळुबाईलाही निरोप धाडलाय, तिला बघायची हौस आहे ना. इंजेक्शन एकच देणार. सगळ्यांना सांगतो तेच तिला सांगणार, दुखलं तर डावा हात वर कर. कुणी तिचा हात धरणार नाही. आईलाही खुर्चीजवळ उभं करणार नाही. नऊ वर्षांच्या पोरीला खोटं वागता येत नाही, तुझ्यासारखं. तिचा हात एकदा जरी वर झाला, तरी मी हरलो. मी तिथल्या तिथे थांबेन. मुलगी तुझी. तिचं दप्तर आणि कपडे भरून मी स्वतः तिला मंचरच्या गाडीत बसवीन आणि पुन्हा कधी मागणार नाही. सोमवारी ती तुझ्या दारात असेल.

पण हात वर झाला नाही, तर मी म्हणालो तेच खरं ठरलं. मग तू यायचं, आणि चार बायकांत ते वाक्य म्हणायचं. नाही म्हटलंस तर मुलगी कायमची विसरायची.

याहून चांगला सौदा तुला कोणी देणार नाही. तुला जर खरंच वाटत असेल की माझ्या खुर्चीत दुखतं, तर तू आत्ताच जिंकली आहेस, नाही का?

येऊ मात्र नकोस. तुला बघून ती रडेल आणि मग हिशेब कसा लागायचा.

सुदर्शन


जुन्नर, १५ फेब्रुवारी १९९९

इंद्रायणी,

काल झालं.

तुला सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून काही उलटसुलट कानावर येईल. बाकावर आठ-नऊ बायका होत्या, कधी नव्हे ती गर्दी. पिंपरी पेंढारहून सावळारामकाका मुद्दाम आले होते, माझ्या बाजूनं म्हणून. साळुबाई पहिल्या जागेवर, पदर खोचून, तमाशाला बसल्यासारखी. प्राचीला आईनं न्हाऊ घालून, वेणी घालून आणलं. खुर्चीत ती आपली आपण चढली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारलं, "काय सांगितलंय मी?" ती म्हणाली, "दुखलं तर डावा हात वर करायचा." बायकांनी ऐकलं.

इंजेक्शन दिलं. सुई टोचताना तिनं डोळे मिटले, एवढंच. ओठ जड झाला का विचारलं, झाला म्हणाली. तुझ्या समाधानासाठी थोडा वेळ थांबलोसुद्धा. मग चिमटा लावला. दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात, जरा हलवावी लागते. वेळ लागला, नाही म्हणत नाही. सुजेमुळे आतून घाण आली. पण इंद्रायणी, त्या पोरीनं हूं की चूं केलं नाही. डावा हात वर करणं सोडच, तो मला दिसलासुद्धा नाही. मी मधे एकदा मुद्दाम थांबलो आणि विचारलं, "दुखतंय?" तिनं मानेनं नाही म्हटलं. दाढ निघाली, ती मी सगळ्यांना दाखवली.

डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ते दिव्यानं येतं. तो दिवा डोळ्यांवर असतो, मोठ्या माणसांनाही येतं. साळुबाई उठून म्हणाली, "डाक्टर, पोर गप बसली खरी, पर त्वांड बगा की वो तिचं. पांढरं फटक पडलंय." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असं. हरलेल्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं. बाकीच्या बायका उठून गेल्या. दोघी दात दाखवायला थांबल्या होत्या, त्याही गेल्या. बाजाराची घाई असेल.

सावळारामकाका मात्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाघाची पोर हाय राव." मलाही भरून आलं. खरं सांगतो, त्या क्षणी वाटलं, तू हे बघायला हवी होतीस.

एक गंमत. दाढेच्या जागी कापूस धरून बसायला सांगितलं होतं, पण पाच मिनिटं झाली नाहीत तोच ती खुर्चीतून उतरून आत गेली आणि दप्तर भरायला लागली. फ्रॉक, पाटी, तुझं ते पोस्टकार्ड. कापूस तोंडात तसाच. मी विचारलं, कुठे चाललीस? तर चपला शोधायला लागली. आईनं दप्तर रिकामं करून ठेवलं. रात्री ती जेवली नाही, पण दाढ काढल्यावर पोरं जेवत नाहीतच. मुलांच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही.

तर पैज मी जिंकलो. तुझ्याच पोटच्या पोरीनं सिद्ध केलं की माझ्या हाताखाली दुखत नाही. दुखतं ते तुझ्या डोक्यात. येता रविवार मी धरून चालतो. वाक्य विसरली असशील तर परत लिहितो: माझ्या नवऱ्यानं दाढ केली तेव्हा मला दुखलं नाही, मी उगाच बोंब मारली.

प्राची तुला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणाली. चांगली राहिली म्हणून बक्षीस, खालची जागा तिला सोडतो. ती काय लिहील ते मी बघणार नाही, बघायची गरजही नाही. ती लिहिणार, दुखलं नाही. लिहून झालं की तिनंच चिकटवून पेटीत टाकायचं.

सुदर्शन

आई,
मला दुखलं नाही. पप्पांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की तू हात वर केला नाहीस तर तुला आईकडे सोडतो, आणि केलास तर कधीच नाही. हे आजीला पण सांगायचं नाही म्हणाले. म्हणून मी हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसले. तो वर यायला बघत होता पण मी येऊ दिला नाही. थोडंच दुखलं. मी दप्तर भरलं होतं. मला कधी सोडणार ते पप्पा सांगत नाहीत. तू विचार ना. त्या दिवशी मी तुझा हात धरला होता ते चुकलं. आता मी हात मांडीखालीच ठेवते, कोणाचा धरत नाही.
प्राची


मंचर, १८ फेब्रुवारी १९९९

पत्र मिळालं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. चांगदेवला सांगितलंय, तो अडवणार नाही. बाकावर तुम्हाला हव्या त्या बायका बसवा, साळुबाईलाही बोलवा. तुमचं वाक्य मला पाठ आहे. मला दुखलं नाही, मी उगाच बोंब मारली. अजून काही म्हणायचं असेल तर तेही म्हणेन. तेजस्विनीबाईंकडे दुखलं, असं म्हणायला लावलंत तर तेही म्हणेन.

प्राचीनं काय लिहिलंय ते तुम्ही बघितलं नाही म्हणता. नका बघू.

तिला माझा एवढा निरोप द्या, आजच द्या, रविवारची वाट बघू नका. म्हणावं, आईनं सांगितलंय, हात मांडीखालून काढ. त्या दिवशी तू माझा हात धरलास, त्यानंच मला बरं वाटत होतं.

इंद्रायणी